गोगलगायीच्या पार्टीत

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

स्वरूपा मॅडमचा हुकूम आहे, रोज डाव्या हाताने पानभर लिहायचं. काय लिहू म्हटलं, तर म्हणाल्या, "मनात येईल ते. कोणी वाचणार नाही." वाचू म्हटलं तरी कोणाला वाचता येणार आहे? सगळे कोंबडीचे पाय आहेत. पण आपण हार मानणाऱ्यातले नाही. दिवाळीपर्यंत उजव्या हातापेक्षा सुरेख अक्षर काढून दाखवतो.

मॅडम म्हणजे संत तुकाराम नगरच्या दवाखान्यात हाताचे व्यायाम घेणाऱ्या डॉक्टर. आणि मी ज्योतीराम, मूळ गाव औशाजवळ, मुक्काम भोसरी, उद्धवरावांच्या प्रेसशॉपमधला डाय सेटर. हे कोणाला सांगतोय कोण जाणे, पण पहिल्या पानावर मालकाचं नाव असावं. डाय सेटर म्हणजे प्रेसमध्ये साचा बसवणारा. साचा केसभर तिरका बसला की पत्र्याचा पार्ट वाकडा निघतो, आणि वाकडा पार्ट चाकणच्या कंपनीत गेला की तिथल्या साहेबांच्या शिव्या भोसरीपर्यंत ऐकू येतात. माझ्या हातचा साचा कधी तिरका बसला नाही. बढाई नाही ही, समाधानला विचारा. समाधान माझ्या हाताखाली तयार झालाय आणि सध्या माझ्या जागी काम बघतोय.

जूनमध्ये प्रेसने माझ्या उजव्या हाताची दोन बोटं घेतली, अंगठ्याशेजारची. पत्र्याची पट्टी अडकली होती, काढायला गेलो, मशीन खाली आली. झालं ते झालं. जखम भरली, टाके निघाले, आता रडगाणं कशाला?

उद्धवराव घरी येऊन सांगून गेलेत, "ज्योतीराम, खंडेनवमीची पूजा तूच करायची. दसरा झाला की पैला स्ट्रोक बी तुझ्याच हातचा. जमलं तर तुझी जागा तुझी. न्हाई जमलं तर समाधान हाय, तू स्टोअरला बस." स्टोअरला! सारी उमर साचे बसवलेल्या माणसाने नटबोल्ट वाटत बसायचं? बघू कोण बसतं ते.

स्ट्रोक म्हणजे मशीनचा एक दणका, त्यातून एक पार्ट निघतो. त्याला अट एकच, दवाखान्याचा फिट असल्याचा कागद हवा. मॅडम दर खेपेला विचारतात, "दुखणं किती? शून्य ते दहामध्ये सांगा." दुखतंय म्हटलं की कागद लांबणीवर, हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही. आजही ठणकावून सांगितलं, शून्य.

११ सप्टेंबर, गुरुवार

एमआयडीसीची सुट्टी. मला काय, रोजचाच गुरुवार.

आमच्या लेकीने, दिव्याने, नवं खूळ आणलंय. नववीत आहे, शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे, त्यात दोन प्राण्यांची तुलना करायची. आमच्या वेळी गाय आणि म्हैस असायची, दूध-शेण-शिंगं लिहिली की दहापैकी आठ. हिचे प्राणी कुठले, तर एक ॲक्सोलोटल आणि एक कोन स्नेल. शाळेला तरी काय उद्योग असतात बघा.

ॲक्सोलोटल हा सॅलमँडरमधला एक प्रकार. पाल आणि बेडूक यांचं लग्न लागलं असतं तर असं पोर झालं असतं. मेक्सिकोच्या तलावात राहतो. गुलाबी अंग, मानेजवळ दोन्हीकडे पिसांसारखे कल्ले, आणि तोंडावर कायम हसू. म्हातारा झाला तरी पोरासारखाच दिसतो. पण खरी गंमत पुढे आहे. त्याचा पाय तुटला तर काही आठवड्यांत नवा येतो. हाड, शीर, कातडी, बोटं, सगळं जसंच्या तसं, वर व्रणसुद्धा नाही. दिव्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. आधी नुसता गोळा, मग वल्ह्यासारखा चपटा पंजा, मग त्यातून एकेक बोट फुटतं. मी तो व्हिडिओ पाच-सहा वेळा पाहिला, तिला मदत व्हावी म्हणून.

कोन स्नेल म्हणजे समुद्रातली गोगलगाय. शंकूसारखा निमुळता शंख, वर नक्षी अशी की पैठणीच्या काठाने लाजावं. आत बसलेली बया मात्र महाबिलंदर. वाळूत पडून राहते, मासा जवळ आला की सोंडेतून विषारी बाण मारते. मासा जागच्या जागी थंड, मग सावकाश गिळते. 'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण हिला बघूनच कोणीतरी काढली असावी.

मी दिव्याला सांगितलं, निकाल उघड आहे. ॲक्सोलोटल आपला माणूस. तुटलं तरी हसत उभा राहतो.

ती म्हणाली, "अजून निकाल लावायचाय बाबा."

१४ सप्टेंबर, रविवार

आज चार्ट बनवला. दिव्या निबंध लिहिणार होती. मी म्हटलं, निबंध कोण वाचतो? तुलना कशी करायची ते आपल्याकडून शीक. कंपनीत पार्ट तपासतो तसे रकाने पाडायला लावले. काय तपासलं, कसं असायला हवं, कसं निघालं, शेवटी ओके की नॉट ओके. रेघा मी आखल्या, डाव्या हाताने, आणि पट्टी न हलता. घर कुठलं, गोडं पाणी की खारं. खाणं काय. शत्रूपासून बचाव कसा. अवयव तुटला तर काय. या शेवटच्या रकान्यात ॲक्सोलोटलपुढे मी लाल पेनाने मोठ्ठं ओके लिहिलं. गोगलगायीला काय हात ना पाय, तिथे रेघ मारली.

रकाने भरताना दिव्या अधूनमधून भलतंच विचारत होती. बोट तुटल्यावर ते आहेच असं वाटतं का? वाटत असेल तर सरळ वाटतं की मुडपलेलं? सांगितलं, "मुंग्या येतात कधीमधी. प्रोजेक्टला उपयोग असेल तर लिही." तिने चार्टवर लिहिलं नाही. पोरीला चौकशीची खोड आहे, आईवर गेली आहे.

नीलाचं तर वेगळंच चाललंय. दुपारी मी जरा आडवा झालो की ही टीव्हीचा आवाज मोठा करते. परवा जागा झालो तर मालिकेतली सासू घरभर ओरडत होती आणि नीला टीव्हीकडे पाठ करून भाजी निवडत होती. विचारलं, तर म्हणे, "शेजाऱ्यांना ऐकू जात नाही ना मग." शेजाऱ्यांना काय ऐकू जात नाही? बायकांचं बोलणं अर्ध्यात सोडून द्यावं.

वर मलाच ऐकवते की फ्रीजचं दार उघडून उभं राहू नका, वीज जाते. सप्टेंबरचा उष्मा आहे. माणसाने हात जरा गार केला तर काय बिघडलं?

१७ सप्टेंबर, बुधवार

आज घरात वादावादी झाली. कारण ऐकून कोणीही हसेल. गोगलगाय.

दिव्याने चार्टखाली निष्कर्ष लिहिला, 'माणसाच्या दृष्टीने कोन स्नेल श्रेष्ठ.' मी म्हटलं, हे काय? ती सांगायला लागली की एका जातीच्या कोन स्नेलच्या विषात असा एक पदार्थ सापडला, की त्याच्यावरून औषध तयार झालं. ज्यांचं दुखणं दुसऱ्या कशानेच थांबत नाही त्यांना ते पाठीच्या कण्यातून देतात. मग दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत जातच नाही.

मी म्हटलं, "निरोप थांबवून काय मिळालं? हात मिळाला का? ॲक्सोलोटल बघ, हात परत देतो."

"स्वतःला देतो बाबा. आपल्याला नाही देत."

"शास्त्रज्ञ शोधतायत ना. तूच म्हणालीस."

"शोधतायत. पण तोपर्यंत दुखतंच ना."

"कोणाला दुखतं?"

तिने पेनाचं टोपण लावलं. मग हळूच म्हणाली, "बाबा, बोटं परत येणार नाहीत." मला माहीत नाही का ते? नववीतल्या पोरीने सांगायला हवं? मी उठलो, उठताना चहाचा कप हातातून निसटला आणि फुटला. या घरातले कप फारच गुळगुळीत आहेत. मी बोललो, "ठीक आहे, तू जा गोगलगायीच्या पार्टीत. बापाने आखलेल्या रेघांवर बापाच्याच विरुद्ध निकाल!" दिव्या रागावली की तिच्या नाकाचा शेंडा लाल होतो. आज झाला होता. तुकडे तिनेच उचलले.

माझंच बरोबर होतं. तरी जेवण गेलं नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

प्रदर्शन झालं. दुसरा नंबर! पहिला एका ज्वालामुखीला गेला, ज्यातून साबणाचा फेस येत होता. परीक्षकांना फेस आवडतो, आपण काय करणार.

खरं तर रुसून घरी बसणार होतो. पण दिव्या सकाळी दारात येऊन म्हणाली, "बाबा, चार्ट सरळ लागलाय का बघायला कोण येणार?" मग जावं लागलं. चार्ट अर्थातच तिरका लावला होता.

तिच्या वर्गाच्या पूनम मॅडम भेटल्या. मी म्हटलं, विषय अवघड दिलात हो पोरांना. त्या म्हणाल्या, "मी कुठे दिला? मी तिला सौरचूल सुचवली, गांडूळखत सुचवलं. ऐकेचना. म्हणाली, मला हेच दोन हवेत." हट्टीपणा कोणावर गेलाय ते सांगायला नको. मला अभिमानच वाटला.

चार्टवर एक रकाना मला न विचारता वाढवला होता. 'दुखतं का?' परीक्षक पांढऱ्या मिशांचे एक निवृत्त सर होते. त्यांनी बरोबर त्यावरच बोट ठेवलं. "ॲक्सोलोटलचा पाय तुटल्यावर त्याला दुखतं का गं?"

दिव्या म्हणाली, "सर, तो सांगत नाही. ओरडत नाही, काही नाही. पण बघितलं तर ओळखता येतं. खाणं कमी होतं. एका जागी बसवत नाही. गार जागा शोधतो. तुटलेला भाग अंगाखाली दाबून धरतो. आणि कोणी जवळ आलं की काहीच झालं नाही असं दाखवतो."

सर हसले. "शेवटचं कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

"वाचलं नाही सर, बघितलं."

"घरी पाळलाय की काय?"

दिव्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आमच्या घरी साधा शोभेचा मासा नाही, आणि ही म्हणे बघितलं! अशी बिनधास्त थाप मारली की सरही मान हलवून पुढच्या चार्टकडे गेले. मी मोठ्याने हसलो. नीला मात्र पाणी पिऊन येते म्हणून बाहेर गेली ती बक्षीस पुकारल्यावरच आली. डोळे लाल. शाळेच्या मैदानावर धूळ फार.

येताना तिघांनी मिसळ खाल्ली. गोगलगायीला मी माफ केलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

कागद मिळाला. फिट!

मॅडमनी हात उलटसुलट केला, टोकांवर दाबलं, वजन उचलायला लावलं. मग नेहमीचा प्रश्न. शून्य. त्या म्हणाल्या, "मी दाबलं तेव्हा तुम्ही श्वास रोखून धरला होता."

"आमच्याकडे डॉक्टरसमोर श्वास रोखायची पद्धत आहे."

मॅडम हसल्या नाहीत. "ज्योतीराम, मशीनवर तुम्ही एकटे नसता," एवढं बोलून सही केली. मी म्हटलं, एकटा कसा असेन, समाधान आहे की. डॉक्टर लोक कधी कधी फार काळजी करतात.

२७ सप्टेंबर, शनिवार

सराव जोरात. पलंगाचे, कपाटाचे, पंख्याचे, घरातले सगळे बोल्ट डाव्या हाताने सोडले आणि परत आवळले. पलंग आता कुरकुरायचं नाव घेत नाही. नीला म्हणाली, "आता माझ्या डोक्याचे दोन बोल्ट तेवढे आवळा." भूक अजून तशी लागत नाही, पण नवरात्रात कमी खाल्लेलं बरं.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

साडेतीन महिन्यांनी शॉपमध्ये पाय ठेवला. तेलाचा वास आला आणि मी दारातच दोन मिनिटं उभा राहिलो. माझा स्वभाव तसा नाही, पण राहिलो.

मशीन धुऊनपुसून लखलखत होती. माझ्या अपघातानंतर उद्धवरावांनी तिला सेन्सर बसवलाय. समोर दोन उभ्या पट्ट्या, त्यांच्या मधून हात गेला की मशीन आहे तिथे थांबते. म्हणजे माझी दोन बोटं देऊन तिला डोळे आले. पोरांनी पाने, स्क्रू-ड्रायव्हर, हातोड्या ओळीने मांडल्या होत्या. मी हळद-कुंकू वाहिलं, लिंबू ठेवलं, नारळ डाव्या हाताने एका दणक्यात फोडला. उद्धवराव म्हणाले, "व्हय रं गड्या! समदी ताकद डाव्या हातात जाऊन बसली का काय!" त्यांनी आळंदीहून झेंडूची माळ आणली होती, मनगटाएवढी जाड. ती मशीनच्या तोंडावर आडवी बांधली.

ज्या मशीनने बोटं घेतली तिला हात जोडताना काय वाटलं, असं समाधानने विचारलं. मी म्हटलं, भावा, बायकोशी भांडण झालं म्हणून कोणी घर सोडतं का?

पूजा झाली की मशीनला हात लावायचा नाही. उद्या दसरा, तोही नेमका गुरुवारी, म्हणजे एक सुट्टी फुकट गेली. परवा सकाळी मुहूर्ताचा स्ट्रोक. तो पहिला पार्ट वर्षभर शॉपच्या देव्हाऱ्यात राहतो. या वर्षी माझ्या हातचा.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज लिहीत नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

लिहितो. नाहीतर या वहीला काही अर्थ नाही.

काल सकाळी सगळे मशीनभोवती जमले. साचा मी बसवला. समाधानने बोल्ट आवळले, पण कुठे किती ते मी सांगितलं. केसभरही तिरका नव्हता. मग मोटर चालू केली आणि दोन्ही बटनं दाबली, तर मशीन ढिम्म हलेना. दोन बटनं दोन तळव्यांनी एकदम दाबली की ती खाली येते, पण तिच्या डोळ्यांपुढे उद्धवरावांची माळ लोंबत होती. तिला वाटत होतं, कोणाचा तरी हात आत आहे.

माळ काढायची म्हटल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मुहूर्ताच्या आधी देवाची माळ कोण तोडणार? उद्धवराव म्हणाले, "माळंला हात लावू नगा. एका स्ट्रोकापुरता सेन्सर बंद करा." किल्ली फिरवली की तो बंद होतो. कोणी नको म्हणालं नाही. मीही नाही. उलट मीच म्हणालो, "एका स्ट्रोकाने काय होतंय?"

माळेच्या पाकळ्या साच्यावर पडल्या होत्या. पाकळी राहिली की पार्टवर वळ उठतो. समाधान म्हणाला, "थांबा भाऊ, झाडून घेतो," आणि त्याने हात आत घातला. माझे तळवे बटनांवर नुसते टेकलेले होते.

आणि तेव्हाच ते आलं.

ते म्हणजे काय, हे मी या वहीत एकदाही लिहिलेलं नाही. माझी जी बोटं नाहीत ती दुखतात. नखाखाली तापलेली सुई घालून कोणी फिरवावी तशी. बोटं मुडपली जातात आणि सरळ करता येत नाहीत, कारण सरळ करायला ती नाहीतच. दिवसातून कितीदा तरी येतं. झोपेत आलं की मी ओरडतो, हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं, काल नीलाने सांगितलं. कप गुळगुळीत नव्हता. उष्मा नव्हता. मॅडमना सांगितलेलं शून्य कधीच शून्य नव्हतं.

कळ आली आणि सगळं अंग आवळलं. दोन्ही तळवे एकदम दाबले गेले. धाडकन मशीन खाली आली.

समाधानच्या बोटाला एक पाकळी चिकटली होती. ती झटकायला त्याने हात नुकताच बाहेर काढला होता. बाकी काही नाही, एका पाकळीने त्याचा हात वाचवला.

आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! "गणपती बाप्पा मोरया!" कोणी पेढ्याचा पुडा फोडला. उद्धवराव माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "ह्याला म्हणत्यात सेटर! जागा तुझीच रं!" पार्ट बाहेर आला, सुबक, वर झेंडूचा पिवळा डाग. मी समाधानकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि तो सगळ्यांना सांगत होता, "माझीच चूक झाली. मीच हात उशिरा काढला."

सगळ्यांना पटलं ते. माझ्या तोंडात कोणीतरी पेढा घातला होता. जागा मिळाली होती. गप्प बसलो असतो तर जन्मभर कोणाला कळलं नसतं, आणि सोमवारपासून समाधानने माझ्या मशीनमध्ये रोज हात घातला असता.

मी पेढा हातावर काढला. म्हणालो, "त्याची चूक नाही. मला कळ आली म्हणून दाबलं गेलं. मला दुखतंय. जूनपासून दुखतंय."



"मंग आधी का न्हाई सांगितलंस?" उद्धवराव म्हणाले.

"जागा जाईल म्हणून."

"गेली की आता!" ते ओरडले. चेहरा लालबुंद. मला वाटलं, आता हाकलतात. त्यांनी पुढे होऊन ती माळ दोन्ही हातांनी ओढून तोडली, किल्ली फिरवून सेन्सर चालू केला आणि किल्ली स्वतःच्या खिशात घातली. "चूक माजी बी हाय. डोळं बांधून मशीन चालवली आमी. सोमवारपासनं स्टोअरला बसायचं. बरा झालास की बघू. न्हाई झालास तरी बस." पार्ट देव्हाऱ्यात ठेवला नाही, भंगाराच्या पेटीत टाकला.

समाधान ड्रमवर बसून दोन्ही पंजे उलटसुलट करून बघत होता. मी त्याच्यापुढे हात जोडले. तो म्हणाला, "ज्योतीभाऊ, असं नका करू हो," आणि रडायला लागला. मग मीही रडलो. शॉपमध्ये, सगळ्यांसमोर. जूनमध्ये रडलो नव्हतो.

६ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी दवाखान्यात गेलो. मॅडमना सगळं सांगितलं, समाधानचंही. वाटलं, खोटं बोललो म्हणून झाडतील. त्यांनी कागद परत घेतला आणि म्हणाल्या, नसलेल्या अवयवाचं दुखणं खरं असतं, वेड नसतं, पुष्कळांना होतं आणि त्यावर उपाय आहेत. गोळ्या आहेत, आरशापुढे हात ठेवून करायचे व्यायाम आहेत. मी विचारलं, "गोगलगायीचं औषध?" त्यांना आधी कळेना. दिव्याचा चार्ट समजावून सांगितला तेव्हा म्हणाल्या, ते फार पुढचं, फार थोड्यांना लागतं. "पण तुमच्या मुलीला एकदा घेऊन या. मला भेटायचंय तिला."

दुपारी स्टोअरला गेलो. रॅकची मांडणी सगळी चुकीची आहे, आठवड्याभरात रांगेला लावतो. समाधान दोनदा येऊन साच्याचं विचारून गेला. तिसऱ्यांदा मीच उठून गेलो आणि मशीनच्या बाहेर उभा राहून नुसत्या आवाजावरून सांगितलं, उजवीकडचा बोल्ट सैल आहे. होताच.

संध्याकाळी घरी बसलो होतो आणि कळ आली. उठून फ्रीजकडे निघालो होतो. दिव्या अभ्यास करत होती. नेहमीसारखी वहीत डोकं खुपसून, काही दिसतच नाही अशी. मी परत फिरलो, तिच्याशेजारी खाली बसलो आणि म्हणालो, "दिव्या, दुखतंय गं."

तिने पेन ठेवलं. "आत्ता?"

"आत्ता. खूप."

"कुठे?"

मी दाखवलं. जिथे बोट असायला हवं होतं तिथली रिकामी जागा. पोरगी हसेल असं वाटलं. तिने तिथेच, त्या हवेत, आपली मूठ अलगद मिटली, बोट धरावं तशी, आणि धरून बसली. नीला स्वयंपाकघरातून आली, आमच्याकडे बघितलं आणि टीव्ही बंद केला. बऱ्याच वेळाने दिव्याने विचारलं, "कमी झालं?"

मी म्हटलं, "थोडं. अजून धर."